सह्याद्रीचे संवेदनशील क्षेत्र मसुद्यातच का अडकते?

तुमचा प्रश्न असा आहे की, गाडगीळ समितीने २०११ मध्येच पश्चिम घाटाबद्दल सावध केले होते, त्यानंतर माळीण, तळिये आणि इरशाळवाडी येथे दरडींखाली माणसे गेली, तरी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची (म्हणजे जिथे मोठ्या प्रकल्पांवर कायद्याने बंधने येतात त्या प्रदेशाची) अधिसूचना सहा वेळा निघूनही दर वेळी मसुदाच का राहिली. आणि हा निर्णय राजकारण्यांकडून काढून शास्त्रज्ञांकडे सोपवला, तर तो मार्गी लागणार नाही का? तुमचे गाव संगमेश्वर तालुक्यात असून ते मसुद्याच्या यादीत आहे आणि ग्रामपंचायतीने सरसकट विरोधाचा ठराव केला आहे, हेही तुम्ही लिहिले आहे. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या ग्रामपंचायतींबरोबर अशा मसुद्यांवरील हरकती-सूचना तयार करण्याचे आणि त्या शासकीय समित्यांपुढे मांडण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

माझे मत आधीच सांगते. निर्णय शास्त्रज्ञांकडे सोपवल्याने हा प्रश्न सुटणार नाही, कारण अडलेला भाग शास्त्राचा नाही. सह्याद्रीतील जंगल, पाणी आणि जैवविविधता यांचे महत्त्व कोणत्याही राज्य सरकारने अधिकृतपणे नाकारलेले नाही. वाद आहे तो कोणाच्या जमिनीवर कोणते बंधन येणार, त्याची झळ कोण सोसणार आणि बंधन राबवणाऱ्या अधिकाऱ्यावर गावाने विश्वास का ठेवायचा, याबद्दल. हे प्रश्न मुळातच राजकीय आहेत. ते आज दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांमध्ये, गावांच्या नजरेआड, शेवटच्या टप्प्यावर हाताळले जातात. ते सुरुवातीलाच आणि ग्रामसभेत हाताळले गेले असते, तर आजचे चित्र वेगळे असते, असे मला अनुभवावरून वाटते.

दरडींबद्दल एक गोष्ट स्पष्ट करते, कारण दोन वेगळे प्रश्न एकत्र केले की दोन्हींचे नुकसान होते. माळीणमध्ये ३० जुलै २०१४ रोजी १५१ माणसे गेली, महाड तालुक्यातील तळियेवर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी गाडली गेली. ही अधिसूचना आधी अंतिम झाली असती तर या तिन्ही दुर्घटना टळल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. उताराचा कोन, मातीचा थर, पावसाची तीव्रता आणि उतारावर झालेली डोंगरकापणी यांचा वाटा प्रत्येक ठिकाणी वेगवेगळा असतो. इरशाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. शिवाय मसुद्यात कशावर बंदी आहे ते पाहा: खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, लाल गटातील, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे उद्योग, २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामे आणि मोठ्या नगरवसाहती. डोंगर कापून काढलेला अरुंद रस्ता किंवा प्लॉट पाडण्यासाठी जेसीबीने केलेली सपाटी यांपैकी बहुतेक कामे या मर्यादांच्या खालून निघून जातात. म्हणजे दरडीची भीती दाखवून अधिसूचनेचे समर्थन करणारे आणि अधिसूचनेने घराची कौलेही बदलता येणार नाहीत असे सांगून विरोध करणारे, या दोघांनीही मसुदा नीट वाचलेला नसतो. केरळमधील वायनाडची दरड ३० जुलै २०२४ रोजी कोसळली आणि सहाव्या मसुद्यावर ३१ जुलैची तारीख आहे, त्यामुळे तो मसुदा दुर्घटनेमुळे निघाला अशी अनेकांची समजूत झाली. जुलै २०२२ च्या मसुद्याची मुदत त्याच सुमारास संपत होती आणि नवा मसुदा तसाही काढावाच लागला असता.

आता मूळ गुंता. पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ समिती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये नेमली, तेव्हा जयराम रमेश मंत्री होते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटरचा संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर करावेत आणि प्रत्येक स्तरात काय चालेल व काय चालणार नाही हे ठरवावे, अशी त्यातली मांडणी होती. ही विभागणी साधारण ९ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांवर केलेली होती. ती प्राथमिक आहे आणि अंतिम सीमा स्थानिक पातळीवर, गाव आणि पाणलोट पाहून, लोकांशी बोलून ठरवाव्यात, हे समितीने स्वतःच नमूद केले होते. माझ्या दृष्टीने अहवालातील सर्वांत मोलाची शिफारस हीच होती, आणि नेमकी तीच लोकांपर्यंत पोहोचली नाही.

ती का पोहोचली नाही, याचे उत्तर अहवालाच्या प्रवासात आहे. मंत्रालयाने अहवाल जवळपास नऊ महिने प्रसिद्धच केला नाही. केरळमधील एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला, केंद्रीय माहिती आयोगाने तो देण्याचा आदेश दिला, मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिथे हरल्यावर मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. या काळात ज्यांना अहवालाचा धसका होता त्यांनी त्याबद्दल हवे ते सांगितले आणि त्याला उत्तर द्यायला कोणाच्याही हाती कागद नव्हता. धोरणाच्या कामात मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे: कागद दडवला की तो वाचण्याआधीच लोकांचे मत बनते, आणि एकदा बनलेले मत नंतर कागद हाती दिल्याने बदलत नाही.

त्यानंतर ऑगस्ट २०१२ मध्ये डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय कार्यगट नेमला गेला आणि त्याने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला. या गटाने पश्चिम घाटाची व्याप्ती १,६४,२८० चौरस किलोमीटर धरली, त्यातील वस्ती-शेतीचा सुमारे ६० टक्के भाग वेगळा काढला आणि उरलेल्या नैसर्गिक भागातून एकूण क्षेत्राचा सुमारे ३७ टक्के, म्हणजे जवळपास ६०,००० चौरस किलोमीटर प्रदेश संवेदनशील ठरवला. हा बदल विरोध कमी करण्यासाठी होता, परंतु त्यातून एक नवीन अडचण निर्माण झाली. उपग्रहाच्या चित्रांवरून निवड करून गाव हा एकक धरला गेला आणि ज्या गावाचे २० टक्के किंवा त्याहून अधिक क्षेत्र संवेदनशील आढळले, ते संपूर्ण गाव यादीत आले. आता त्या गावातील ज्याची जमीन उरलेल्या ८० टक्क्यांत आहे, त्या शेतकऱ्याच्या बाजूने विचार करा. त्याच्या बागेत काजू आहे, जंगल नाही. तरी त्याचे गाव यादीत आहे आणि शेजारचे, तसेच दिसणारे गाव यादीत नाही. हा फरक त्याला कोणी समजावून सांगितलेला नाही. क्षेत्र घटवले की विरोध घटतो, हा हिशेब त्यामुळे फसला.

मसुदा पुन्हा पुन्हा का निघतो, याचे कायदेशीर कारण साधे आहे. संवेदनशील क्षेत्र पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खाली केंद्र जाहीर करते. आधी मसुदा निघतो, हरकतींसाठी ६० दिवस मिळतात आणि ठराविक मुदतीत तो अंतिम झाला नाही तर रद्द होतो. सुरुवातीच्या मसुद्यांसाठी ही मुदत ५४५ दिवसांची होती, पुढे ती ७२५ दिवसांची झाली. मार्च २०१४, सप्टेंबर २०१५, फेब्रुवारी २०१७, ऑक्टोबर २०१८, जुलै २०२२ आणि जुलै २०२४ या सहा मसुद्यांपैकी सुरुवातीच्या तिघांमधील अंतर मोजले, तर ते या मुदतीशी जवळपास तंतोतंत जुळते. अधिकार केंद्राचा असला तरी जमीन, महसूल, खनिजांचे परवाने आणि नगररचना राज्यांकडे आहे, त्यामुळे सहा राज्यांच्या संमतीवाचून केंद्र पुढे जात नाही. केरळने स्वतःची समिती नेमून आपले क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९३.७ चौरस किलोमीटरवर आणले. कर्नाटक मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये संपूर्ण अहवालच नाकारला. महाराष्ट्राच्या वाट्याला १७,३४० चौरस किलोमीटर आणि सुमारे अडीच हजार गावे आहेत, आणि आपल्याही सरकारांनी वेळोवेळी गावे वगळण्याची मागणी केलेली आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मसुद्यातील क्षेत्र घटवण्यास मनाई केल्यावर केंद्राला राज्यांची मागणी मान्य करणेही अवघड झाले. एप्रिल २०२२ मध्ये माजी वन महासंचालक संजय कुमार यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली गेली ती हाच पेच सोडवण्यासाठी.

ही झाली कायद्याची बाजू. पण इतकी वर्षे एखादी गोष्ट अधांतरी राहते, तेव्हा ती तशी राहणे कोणाच्या सोयीचे आहे हे विचारले पाहिजे. माझ्या मते ते जवळजवळ सर्वांच्याच सोयीचे आहे. मसुदा अस्तित्वात असला की केंद्राला न्यायालयापुढे आणि जगापुढे सांगता येते की प्रक्रिया सुरू आहे. २०१२ मध्ये घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यापासून हे सांगणे अधिकच गरजेचे झाले आहे. अधिसूचना अंतिम नसली की राज्यातील पुढाऱ्याला मतदारसंघात सांगता येते की आम्ही ती रोखून धरली आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये मंत्रालयाने काढलेल्या निर्देशांमुळे वर सांगितलेल्या मोठ्या प्रकल्पांवरील बंदी दरम्यानच्या काळातही लागू झाली, त्यामुळे पर्यावरणवादी संघटनाही अगदी हात रिकामे आहेत असे म्हणू शकत नाहीत. नुकसान होते ते दोघांचे. एक, सह्याद्रीचे, कारण गावपातळीवरची देखरेख, निधी आणि स्थानिक समित्या यांपैकी काहीही अधिसूचना अंतिम झाल्याशिवाय उभे राहत नाही. आणि दुसरे, तुमच्यासारख्या गावांचे, कारण त्यांना आपल्या जमिनीचे भवितव्य धड होकारार्थी नाही आणि धड नकारार्थीही नाही, अशा अवस्थेत वर्षानुवर्षे राहावे लागते.

पुढाऱ्यांना मी यात एकतर्फी दोष देत नाही, कारण उघड भूमिका घेणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते हे त्यांनी पाहिले आहे. केरळमधील इडुक्कीचे काँग्रेसचे खासदार पी. टी. थॉमस यांनी गाडगीळ अहवालाची बाजू घेतली. तिथे चर्चच्या पुढाकाराने मोठे आंदोलन झाले, २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षाने त्यांना उमेदवारी दिली नाही आणि ती जागा डाव्या आघाडीने पाठिंबा दिलेल्या अपक्ष उमेदवाराने जिंकली. ज्यांना या संरक्षणाचा सर्वांत जास्त लाभ होतो, ते कृष्णा, गोदावरी आणि कावेरी यांच्या काठावरचे खालच्या अंगाचे लोक इडुक्कीत किंवा संगमेश्वरात मतदान करत नाहीत. लाभ दूरवर विखुरलेला असतो आणि झळ एका मतदारसंघात साठलेली असते. जगभर पर्यावरणाची धोरणे इथेच अडखळतात, सह्याद्री त्याला अपवाद नाही.

परंतु इडुक्कीत एवढा भडका का उडाला, याचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिथल्या अनेक स्थलांतरित शेतकरी कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचे पक्के मालकीपत्र नव्हते. ज्याची मालकीच अधांतरी आहे, त्याला प्रत्येक नवी अधिसूचना म्हणजे बेदखल होण्याची पहिली पायरी वाटते. आपल्याकडे सिंधुदुर्गात वनसंज्ञेच्या, म्हणजे जंगल मानल्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न आहे, आंबोली, चौकुळ आणि गेळे येथे कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावाने जुन्या कबुलायतीवर सामाईक राखलेल्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न आहे, कोकणात अनेकांच्या सातबाऱ्यावर खाजगी वनांच्या नोंदी आहेत. अशा गावात जाऊन मसुद्यातले वाक्य वाचून दाखवले की मालकीहक्कावर आणि शेतीवर कोणतेही बंधन नाही, तर लोक ऐकून घेतात आणि विश्वास ठेवत नाहीत. ते अडाणीपणामुळे नव्हे. आपल्या वडिलांच्या काळी एका सहीने नोंद बदलली आणि ती दुरुस्त करण्यासाठी तालुक्याला किती खेटे घालावे लागले, हे त्यांनी भोगलेले असते. अफवा पसरवणारे असतातच, पण अफवा रुजायला जमीन आधीच तयार असते. म्हणून मी सभेत अधिसूचनेचा विषय काढण्याआधी गावाच्या जमिनींच्या नोंदींचा विषय काढते. त्या दुरुस्त करणे केंद्राच्या हाती नाही, राज्याच्या महसूल आणि वन विभागांच्या हाती आहे. आणि राज्य सरकारने हे काम आधी केले असते, तर निम्मा विरोध मावळला असता असे मला मनापासून वाटते.

दुसरा भाग अंमलबजावणीचा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून संवेदनशील क्षेत्र आहे. महाबळेश्वरच्या अनुभवाबद्दल गाडगीळ समितीनेच लिहिले आहे की तिथल्या शेतकऱ्यांनी साध्यासाध्या परवानग्यांसाठी पैसे उकळले जात असल्याच्या तक्रारी केल्या. धनवानाचा बंगला उभा राहतो आणि शेतकऱ्याच्या विहिरीला अडवणूक होते, हे लोक डोळ्यांनी पाहतात. मग शेजारच्या तालुक्यांनी हा दर्जा का मागावा? डहाणूचे उदाहरण याहून बोलके आहे. तो तालुका १९९१ मध्ये संवेदनशील जाहीर झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये डहाणूच्या किनाऱ्यावरील नियोजित वाढवण बंदराला नकार दिला आणि जुलै २०२३ मध्ये, नव्या अध्यक्षांच्या काळात, त्याच जागी नव्या स्वरूपात आलेल्या प्रस्तावाला अटींसह संमती दिली. कायद्याचा मजकूर तोच असतो; निर्णय तिथे कोण बसले आहे आणि त्यांना कोणाला उत्तर द्यावे लागते यावर ठरतो. म्हणूनच देखरेख समितीत ग्रामसभेने निवडलेली माणसे असावीत, हा आग्रह मी प्रत्येक हरकतीत धरते.

आता असे कोणी म्हणेल की लोकांना विचारले तर लोक नकारच देतील. याला माझ्याकडे एक ठोस उत्तर आहे आणि ते आपल्याच कोकणातले आहे. गाडगीळ समितीच्या अहवालात सिंधुदुर्गातील सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील २५ ग्रामसभांच्या ठरावांची नोंद आहे. आमचा परिसर संवेदनशील जाहीर करा, अशी मागणी त्या गावांनी स्वतःहून केली होती. कळणे येथील लोहखनिजाच्या खाणीचे परिणाम त्या भागाने पाहिले होते. आपल्या बागा, झरे आणि पायवाटा कशाने जातात हे त्यांना कोणत्याही शास्त्रज्ञाने सांगावे लागले नव्हते. आणि तरीही पुढे उपग्रहाच्या निकषांवर यादी झाली तेव्हा दोडामार्ग तालुका वगळला गेला. ज्यांनी नको म्हटले त्यांना सक्तीने आत घेतले आणि ज्यांनी मागितले त्यांना बाहेर ठेवले. त्या पट्ट्याला न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिथल्या वृक्षतोडीला मनाई केली आणि मार्च २०२४ मध्ये तिथली २५ गावे संवेदनशील जाहीर करण्याची प्रक्रिया पूर्ण करण्यास सांगितले. वरून लादणे आणि लोकांना विचारणे यांतील फरक मला याहून स्पष्ट कुठे दिसलेला नाही.

पैशाबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण सभांमध्ये हा मुद्दा कोणी काढत नाही. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांना मिळणाऱ्या कराच्या वाट्यात वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला आणि पंधराव्या आयोगाने वने व परिस्थितिकी यांना १० टक्के. म्हणजे जंगल राखल्याचा मोबदला राज्याच्या तिजोरीत आजही येतो. तो तिथून ज्या ग्रामपंचायतीने दगडखाणीचे उत्पन्न सोडले, तिच्या खात्यात जाण्याची कोणतीही ठरलेली वाट नाही. कस्तुरीरंगन कार्यगटानेही पश्चिम घाटासाठी स्वतंत्र निधी सुचवला होता. बंधनाच्या तरतुदी मसुद्यात आल्या, निधीचे काम मागे पडले. बंधन आणि मोबदला एकाच कागदावर असावेत, ही मागणी विरोध करणाऱ्या आणि समर्थन करणाऱ्या दोन्ही गटांना एकत्र आणू शकते, असा माझा अनुभव आहे.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, निकष दिल्लीत ठरले, झळ गावात पडली, विश्वास जुन्या नोंदींमुळे आधीच गेलेला होता आणि मोबदल्याची वाट काढलीच गेली नाही. अशा स्थितीत मसुदा लांबत राहणे हा प्रत्येक पुढाऱ्यासाठी सर्वांत कमी धोक्याचा मार्ग ठरला.

तुमच्या गावाने काय करावे, हे मात्र गावावर अवलंबून आहे. गावात चिरेखाणी आहेत का, असल्यास त्या गावातल्या माणसांच्या आहेत की बाहेरच्यांच्या, डोंगराकडची जमीन अजून गावकऱ्यांकडे आहे की मुंबई-पुण्याच्या खरेदीदारांकडे गेली आहे, सामाईक जमीन किती उरली आहे, वाड्यांना उन्हाळ्यात पाणी कुठून येते, यांवर उत्तर बदलेल. ज्या गावात निम्मी कुटुंबे डंपरवर आणि खाणींवर पोट भरतात, तिथे बंदीचे स्वागत करा असे मी सांगू शकत नाही. तिथे आधी पाच-सात वर्षांत पर्यायी रोजगाराकडे कसे जायचे हे बोलावे लागते. ज्या गावात खाणीचा मालक बाहेरचा आहे आणि झरे मात्र गावाचे आटत आहेत, तिथे चर्चा निराळी होते. एकाच गावात आंब्याचा बागायतदार, धनगरवाडा आणि कातकरी वस्ती यांचे हित एक नसते, आणि सरपंचांचा ठराव हा यांपैकी कोणाचा आवाज आहे, हेही विचारायला हवे.

सरसकट विरोधाच्या ठरावाबद्दल माझा आक्षेप व्यवहाराचा आहे. हजारो ग्रामपंचायतींचे एकाच मजकुराचे, अनेकदा बाहेरून छापून आलेले ठराव दिल्लीत पोहोचतात, त्यांची एका ओळीत नोंद होते आणि त्यातून मजकुरात एक शब्दही बदलत नाही. ज्या हरकतीत गट क्रमांक, नकाशा आणि पर्यायी तरतुदीचे शब्द असतात, तिला उत्तर द्यावे लागते. उदाहरणार्थ, चिऱ्याचा मुद्दा घ्या. कोकणात घर बांधायला जांभा चिरा लागतोच, आणि मसुद्यात दगडखाणींवर सरसकट बंदी आहे. परंतु अभयारण्यांभोवतीच्या अनेक अधिसूचनांमध्ये स्थानिक रहिवाशांच्या घरबांधणी आणि दुरुस्तीच्या गरजेपुरती माती-दगड काढण्याला सूट दिलेली आहे. तीच सूट आम्हालाही द्या, असे त्या अधिसूचनांचा दाखला देऊन लिहिले, तर ते नाकारणे कठीण जाते. त्याचप्रमाणे गावठाण आणि त्याचे वाढीव क्षेत्र नकाशावर दाखवून वेगळे काढण्याची मागणी करता येते. उलट दिशेनेही दुरुस्ती सुचवावी: तीव्र उतारावर सपाटीकरण करायचे असेल, तर बांधकाम २०,००० चौरस मीटरपेक्षा लहान असले तरी भूवैज्ञानिक तपासणी आणि ग्रामसभेची संमती बंधनकारक करा. दरडींची तुम्हाला जी काळजी वाटते, तिचा या मसुद्याशी खरा संबंध इथे जोडता येतो.

वेळेचेही भान ठेवावे लागते. गेल्या दोन्ही मसुद्यांचे ६० दिवस जुलै ते सप्टेंबरमध्ये आले, म्हणजे लावणीची घाई, त्यात पाऊस, आणि पाठोपाठ गौरी-गणपती. कोकणातल्या माणसाला या दिवसांत राजपत्र वाचायला सवड नसते. शिवाय मसुदा इंग्रजी आणि हिंदीत असतो. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये भाषांतर करण्याचा आदेश दिला होता; त्याचा दाखला देऊन मराठी मजकूर मागण्याचा हक्क तुम्ही बजावा, पण त्याची वाट पाहत थांबू नका. तुमच्यासारख्या शिकलेल्या दोन-तीन मुलांनी यादी, बंदीची कलमे आणि सूट यांचे मराठी टिपण आधीच करून ठेवावे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी घ्यायला लावावा. त्याआधी वाडीवार बैठका घ्याव्यात आणि महिलांची सभा वेगळी घ्यावी, कारण उन्हाळ्यात कोणता झरा कधी आटतो हे त्यांना ठाऊक असते आणि मोठ्या सभेत त्या क्वचितच बोलतात. आधीचा ठराव रद्द करा असा आग्रह सुरुवातीलाच धरू नका. त्यावर सही केलेल्या माणसांना अपमान वाटतो आणि चर्चा तिथेच थांबते. त्याऐवजी पुरवणी ठराव मांडावा, त्यात कोणते कलम मान्य आहे, कोणते कोणत्या दुरुस्तीसह मान्य होईल आणि कोणते अमान्य आहे ते क्रमाने लिहावे, आणि त्याला गावनकाशा जोडावा. त्याच्या प्रती केंद्रीय मंत्रालयाबरोबर राज्याच्या पर्यावरण विभागाला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि तुमच्या आमदारांना पोचपावतीसह द्याव्यात. आमदारांना तर अवश्य भेटावे, तेही शक्यतो दोन-तीन गावांच्या सरपंचांना बरोबर घेऊन. सशर्त पाठिंबा देणारी गावे आपल्या मतदारसंघात आहेत, हे लेखी दिसल्याशिवाय कोणताही लोकप्रतिनिधी याबाबत आपली भूमिका बदलणार नाही.

गावाचा नकाशा आणि यादीतील नोंद तुमच्याकडे असेल, तर पहिल्यांदा एकच गोष्ट तपासा: गावाच्या सीमेतील जंगलाचा भाग नेमक्या कोणत्या गटांमध्ये आहे आणि त्या गटांची सातबाऱ्यावरची नोंद काय आहे. सभेत उठणाऱ्या दहा प्रश्नांपैकी सात-आठ या एका कागदावर येऊन थांबतात.